बिअर बिघडली, सांगायचे कुणी?

आपल्या मराठी माणसाला एक सवय फार जुनी आहे. पंगतीत आमटी खारट झाली तर तो भात जास्त कालवून ती संपवतो, आणि यजमानीणबाई वाढायला आल्या की “वा, आमटी फक्कड झाली आहे हो!” असे म्हणून मोकळा होतो. खरा अभिप्राय निघतो तो जिना उतरल्यावर, बायकोच्या कानात. पाहुणा म्हणून ही रीत योग्यच आहे. ज्याने प्रेमाने जेवू घातले त्याच्या अन्नाला नावे ठेवू नयेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते.

अडचण होते ती ही सवय आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूलाही लावतो तेव्हा. हॉटेलातली भाजी आंबलेली लागली तर आपण ताट बाजूला सारतो, बिल देतो आणि पुन्हा तिथे पाऊल टाकत नाही. मालकाला मात्र आपण का गेलो हे कधीच कळत नाही. दुसऱ्या टोकाला अशीही मंडळी असतात, की जी गल्ल्यावर हात आपटून सगळे हॉटेल गोळा करतात. पण भाजीत नेमके काय बिघडले होते हे विचारले तर त्यांनाही सांगता येत नाही. या दोहोंच्या मधली एक वाट आहे. काय बिघडले ते नेमक्या शब्दांत, योग्य माणसाला, वेळेवर सांगायचे. ही वाट फारशी रुळलेली नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहावे असे मनात आले. आणि त्यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते बिअरचे.

मराठीच्या प्राध्यापकाने, तेही दिवाळी अंकात, बिअरविषयी लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. हा लेख पिण्याचा पुरस्कार नव्हे, हे आधीच सांगतो. जे पीत नाहीत त्यांनी सुरुवात करण्याचे काही कारण नाही. परंतु पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली आणि त्यानंतरच्या दीड दशकात पुण्या-मुंबईत लहान लहान कारखान्यांत, थोड्या थोड्या प्रमाणात, कारागिराच्या निगुतीने केलेली बिअर बरीच रुळली. तिला ‘क्राफ्ट बिअर’ म्हणतात. आपल्या घरांतली पंचविशी-तिशीची मुले तिची चर्चा करतात, आणि काही मुले-मुली तर ती करण्याच्या धंद्यातही पडली आहेत. तेव्हा या धंद्यातला खरेखोटेपणा घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेला बरा.

एक वही आणि तिच्यातले शेरे

माझी एक माजी विद्यार्थिनी पुण्याजवळच्या अशाच एका लहान कारखान्यात माल तपासण्याचे काम करते. पहिल्या वर्षाला ती माझ्या मराठीच्या तासाला बसे. पुढे तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेतले. गेल्या श्रावणात ती भेटायला आली ती एक जाडजूड वही घेऊन. गिऱ्हाइकांचे निरोप, पत्रे, फोनवरची बोलणी असे सगळे तिने त्या वहीत तारीखवार उतरवून ठेवले होते.

“सर, तुम्ही भाषा शिकवता ना? मग आमच्या गिऱ्हाइकांना जरा भाषा शिकवा,” ती म्हणाली.

मी वही चाळली. ‘मजा नाही आली.’ ‘पहिल्यासारखी राहिली नाही.’ ‘थर्ड क्लास.’ ‘एक नंबर!’ ‘पैसे वाया गेले.’ पानेच्या पाने अशी. वर्षानुवर्षे मी उत्तरपत्रिकांतून ‘ही कविता फारच सुंदर आहे’ हे वाक्य वाचत आलो आहे, त्यामुळे मला हे सारे ओळखीचे वाटले. कविता सुंदर आहे म्हणजे काय आहे, हे जसे त्या वाक्यातून कळत नाही, तसेच बिअर थर्ड क्लास आहे म्हणजे तिला काय झाले आहे, हे या शेऱ्यातून कळत नाही.

“‘थर्ड क्लास’ वाचून मी कोणत्या टाकीचे झाकण उघडू?” हा तिचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता.

मग तिने मला वहीतले एक पान काढून दाखवले. कुणा एका गृहस्थांनी फोनवर सांगितले होते, की बाटलीला उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास येतो; बाटलीवरची तारीख अमुक; दुसरी बाटली न उघडता फ्रिजमध्ये ठेवली आहे. एवढेच. पण त्या तीन वाक्यांनी काम झाले. कारखान्यात प्रत्येक घाण्याच्या काही बाटल्या नमुना म्हणून बाजूला ठेवलेल्या असतात. तिने त्याच तारखेची बाटली काढली, वास घेतला, आणि तिलाही कणसाचा वास आला. शोध घेतल्यावर असे दिसले, की त्या दिवशी बॉयलरची वाफ कमी पडत होती आणि रस जितका खळखळून उकळायला हवा तितका उकळलाच नव्हता. घाण्यातला राहिलेला माल त्यांनी बाजारात जाऊ दिला नाही आणि बॉयलर दुरुस्त करून घेतला.

“सर, मोठ्या कंपनीला एक टाकी ओतून देणे परवडते. आमच्यासारख्यांना ती महिन्याची कमाई असते,” ती म्हणाली. “पण न ओतता विकली तर नावच जाते. ते गृहस्थ बोलले नसते, तर पुढचे चार घाणेही तसेच निघाले असते.”

बिअर बिघडते कशी?

बिअरचा मसाला तसा चारच वस्तूंचा. पाणी, मोड आणून वाळवलेले सातू (यालाच माल्ट म्हणतात), हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस काढायचा, तो हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा. यीस्ट साखर खाते आणि त्यातून मद्यार्क आणि वायू तयार होतो. आपल्याकडे इडलीचे पीठ किंवा जिलेबीचे घोल आंबवणाऱ्या गृहिणीला यातले मर्म वेगळे समजावून द्यायला नको. आंबवणे म्हणजे जिवंत प्राण्यांकडून काम करून घेणे. हवा गरम झाली, भांडे नीट धुतलेले नसले, घाई झाली, की ते प्राणी आपला राग पदार्थावर काढतात.

मोठ्या कारखान्यांतली बहुतेक बिअर गाळून, बाटलीत भरून मग गरम केली जाते. त्यामुळे ती पुष्कळ दिवस टिकते. लहान कारखान्यांतली बिअर बहुधा तशी केलेली नसते. तिची चव अधिक भरदार, पण जीव नाजूक. तिला थंडीत ठेवावे लागते आणि ताजी प्यावी लागते. डबाबंद दूध आणि सकाळी गवळ्याने घातलेले दूध यांत जो फरक, तोच इथे. म्हणून क्राफ्ट बिअरमध्ये दोष निघणे ही काही चमत्काराची गोष्ट नव्हे. तो दोष कारखान्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावर सारे अवलंबून असते.

दोषांना नावे

या दोषांना शास्त्रीय नावे आहेत. १९७० च्या दशकात मॉर्टन मेलगार्ड या शास्त्रज्ञाने बिअरच्या शंभराहून अधिक चवी आणि वास एका चक्रात मांडून दाखवले. निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांनी एकाच वासाला एकाच नावाने हाक मारावी, हा त्यामागचा हेतू होता. ते चक्र आजही या धंद्यात वापरले जाते. आपल्याला त्या चक्राची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्याहून जुना शब्दकोश आहे. खोबरे ‘खवट’ होते, पिठाला ‘कुबट’ वास येतो, दूध ‘करपट’ लागते, भेंडी ‘हिरवट’ लागते, सरबत ‘पाणचट’ होते, भांड्याला ‘ओशट’ वास राहतो. एवढे बारीक भेद करणारी भाषा जिच्या तोंडी आहे, ती गृहिणी कोणत्याही कारखान्यातल्या तपासनिसाला हार जाणार नाही.

आता मुख्य मुख्य दोष पाहू.

बिअरला *लोण्याचा किंवा बटरस्कॉचच्या गोळीचा* वास आला, तर तो डायअ‍ॅसिटिल नावाच्या द्रव्याचा. यीस्ट काम करताना हे द्रव्य निर्माण होते आणि पुरेसा वेळ दिला तर यीस्टच ते पुन्हा गिळून टाकते. म्हणून चांगले कारागीर शेवटी टाकी थोडी ऊबदार करून तिला एक-दोन दिवस विश्रांती देतात. घाई केली की लोणी राहून जाते.

*कच्च्या हिरव्या सफरचंदाचा* वास आला, तर बिअर पुरती मुरण्याआधीच काढली असे समजावे. *उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा* वास म्हणजे रस नीट उकळला नाही किंवा उकळल्यावर तो थंड करायला फार वेळ लागला. *दवाखान्याचा, औषधी पट्टीचा* वास बहुधा क्लोरिनमुळे येतो. नळाच्या पाण्यातला क्लोरिन काढून टाकला नाही, किंवा टाकी धुण्याचे औषध नीट निघाले नाही, तर हा दर्प बिअरला लागतो.

*ओल्या पुठ्ठ्याचा किंवा रद्दीचा* वास म्हणजे बिअरला हवा लागली. बाटली भरताना प्राणवायू आत राहिला आणि ती पुढे उन्हाळ्यात गुदामात तापत पडली, की ही कळा येते. *जळक्या रबरासारखा उग्र* वास उन्हाने येतो. प्रकाश आणि हॉप्स यांची गाठ पडली की काही क्षणांतच हा वास तयार होऊ लागतो. म्हणून तर बिअरच्या बाटल्या तपकिरी काचेच्या करतात; हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत हे संरक्षण फारसे मिळत नाही. इथे दोष कारखान्याचा कमी आणि बाटल्या उन्हात मांडणाऱ्या दुकानदाराचा अधिक.

*आंबटपणाचे* मात्र जपून बोलावे. साधी बिअर आंबट झाली तर जिवाणूंनी तिच्यात शिरकाव केला हे उघड आहे. परंतु बेल्जममधली लांबिक आणि बर्लिनची वायसे या बिअर मुळातच आंबट असतात. जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो यावा म्हणूनच तिच्यासाठी खास यीस्ट वापरतात. बेल्जमच्या पांढऱ्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि चक्क धने घालतात. तेव्हा समोरच्या बिअरला काय व्हायचे होते, हे आधी पाहावे. लावणी ऐकायला बसून तिच्यात अभंगाचा भाव नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

शेवटचा दोष मात्र गंभीर आहे. बाटली उघडताच कारंजे उडाले, किंवा डबा फुगलेला दिसला, तर आत आंबणे थांबलेले नाही असे समजावे. असे डबे आणि बाटल्या फुटू शकतात. २०१६ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या लेफ्ट हँड या कारखान्याला आपली दुधाळ काळी बिअर एका रानटी यीस्टच्या उपद्रवामुळे बाजारातून परत बोलवावी लागली होती. अशी बाटली दिसली तर चवीची चिकित्सा करीत बसू नये. ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा थंड जागी ठेवून ताबडतोब कळवावे.

सूक्ष्मदर्शक घेऊन आलेला पाहुणा

कारखानदाराला त्याच्या बिअरमधला दोष सांगण्याचा इतिहासातला सर्वांत सुंदर प्रसंग लुई पाश्चरचा आहे. फ्रान्स जर्मनीकडून युद्धात हरला होता. आपल्या देशाची बिअर जर्मन बिअरच्या तोडीची व्हावी, या ईर्ष्येने पाश्चर बिअरच्या अभ्यासाला लागला. १८७१ साली तो लंडनला गेला आणि तिथल्या एका मोठ्या कारखान्यात, सूक्ष्मदर्शकाखाली पोर्टर नावाच्या काळ्या बिअरचे यीस्ट पाहू लागला. यीस्टच्या पेशींबरोबर त्याला भलतेच लांबोडके जिवाणू दिसले. तुमची ही पोर्टर मनासारखी होत नसणार, असे त्याने कारखान्याच्या माणसांना सांगितले. तेव्हा त्यांनी कबूल केले, की त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या कारखान्यातून नवे यीस्ट मागवण्याची पाळी आली होती.

यातली पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सुरुवातीला ही माणसे संकोचाने बोलत होती. आपल्या घरातले व्यंग परक्यापुढे कोण उघडे करील? पण हा माणूस चेष्टा करायला आलेला नाही, नेमके बोट ठेवतो आहे, असे दिसल्यावर त्यांनी आपण होऊन बिघडलेल्या बिअरचे नमुने त्याच्यापुढे आणून ठेवले. आठवडाभरात पाश्चर पुन्हा तिथे गेला तेव्हा कारखान्याने स्वतःचे सूक्ष्मदर्शक विकत घेतलेले होते. १८७६ साली त्याचा बिअरवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गचे मालक याकोबसेन यांनी १८७५ साली प्रयोगशाळा काढली. १८८३ साली तिथे एमिल हान्सेनने रानटी यीस्ट वेगळे करून एकाच शुद्ध पेशीपासून यीस्ट वाढवण्याची रीत बसवली. याकोबसेन यांनी ती गुपित म्हणून दडवून ठेवली नाही. इतर कारखान्यांनाही दिली. पुढे डब्लिनला गिनेसच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा तरुण थोड्याशा नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा, या विचारात पडला. १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपली रीत छापली. आपली कॉलेजातली मुले संख्याशास्त्रात ‘टी-टेस्ट’ म्हणून जे शिकतात, तिचे मूळ बिअरच्या कारखान्यात आहे.

न ऐकल्याची किंमत

तक्रारीकडे कानाडोळा केला तर काय होते, याचीही दोन उदाहरणे सांगतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि सॅलफर्ड भागात १९०० साली लोकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, कातडी काळवंडू लागली, चालणे कठीण झाले. दारूड्यांचा रोग म्हणून पुष्कळांनी त्याकडे दुर्लक्ष केले. डॉक्टर अर्नेस्ट रेनल्ड्स यांनी मात्र रोग्यांना नीट प्रश्न विचारले. त्यांच्या ध्यानात आले, की कडक मद्य पिणाऱ्यांना हा रोग फारसा नाही. तो बिअर पिणाऱ्यांना आहे. त्यांनी बिअर तपासली आणि तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, सापडले. बिअरसाठी वापरलेली साखर ज्या गंधकाम्लाने तयार केली होती, ते आम्लच सोमलयुक्त होते. सहा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तरहून अधिक दगावली. पुढे लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. गरीब माणसाच्या गाऱ्हाण्याला ‘पितो म्हणून होते’ असे म्हणून झटकून टाकले नसते, तर काही जीव तरी वाचले असते.

दुसरे उदाहरण जिवावरचे नव्हे, धंद्यावरचे आहे. अमेरिकेत मिलवॉकी येथील श्लिट्झ ही एके काळी देशातली सर्वांत मोठी बिअर कंपनी होती. १९७० च्या दशकात खर्च कमी करण्यासाठी तिने आंबवण्याचा वेळ घटवला आणि घटकद्रव्ये बदलली. गिऱ्हाइकांना चव उतरलेली कळत होती, पण कंपनीने मनावर घेतले नाही. १९७६ साली तर बिअरमध्ये गढूळ साका दिसू लागला आणि सुमारे एक कोटी बाटल्या आणि डबे परत घ्यावे लागले. १९८२ साली ही कंपनी दुसऱ्या कंपनीच्या मालकीची झाली. गिऱ्हाईक जेव्हा भांडायचे सोडून नुसते निघून जाते, तेव्हा दुकानदाराने घाबरावे, असे जे म्हणतात ते या प्रकरणावरून पटते.

ब्रिटनमधल्या पिणाऱ्यांनी याच सुमारास वेगळा मार्ग धरला. १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅमरा’ ही संघटना स्थापन केली. मोठ्या कंपन्यांची बेचव बिअर मुकाट्याने पिणार नाही, जुन्या पद्धतीची जिवंत बिअर टिकली पाहिजे, असे त्यांनी संघटितपणे सांगितले, आणि ती खरोखरच टिकली. तिथे अजूनही रीत अशी, की पेला आंबलेला निघाला तर तो मुकाट्याने काउंटरवर परत न्यायचा. चांगला दुकानदार वाद न घालता दुसरा भरून देतो.

मग सांगायचे कसे?

पहिली गोष्ट, दोष कुणाचा ते पाहावे. एका उपाहारगृहात नळाची बिअर मागवली तेव्हा तिला लोण्याचा दर्प येत होता. मी तसे म्हटल्यावर वेटर हसून म्हणाला, “साहेब, हा फ्लेवरच असा आहे.” तीच बिअर दुसरीकडे मी प्यायलो होतो आणि तिथे ती स्वच्छ होती. तेव्हा अडचण कारखान्याची नसून नळ्यांची होती. पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा या धंद्यातला दंडक आहे. तो पाळला नाही तर त्यांत जिवाणू घर करतात आणि लोण्याचा वास देतात. मी व्यवस्थापकांना बाजूला बोलावून हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पुढे काय केले ते त्यांचे त्यांना ठाऊक. घरचा पेलाही आधी तपासावा. साबणाचा किंवा तुपाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि वास बदलतो. दुपारभर गाडीच्या डिकीत तापलेल्या बाटलीबद्दल कारखान्याला जाब विचारणेही न्यायाचे नव्हे.

दुसरी गोष्ट, निवाडा देऊ नये, वर्णन करावे. ‘वाईट आहे’ असे न म्हणता ‘ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, चव शेवटी तुरट लागते, फेस लगेच बसतो’ असे सांगावे. शास्त्रीय नाव ठाऊक नसले तरी बिघडत नाही. ते ठाऊक असल्याचा आव आणला तर मात्र कारखान्यातली माणसे भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

तिसरी गोष्ट, खुणा द्याव्यात. बिअरचे नाव, घाण्याचा किंवा बॅचचा क्रमांक, भरल्याची तारीख, कुठून घेतली, घरी कशी ठेवली. त्याच वेळची न उघडलेली बाटली असेल तर ती थंड जागी जपून ठेवावी. वैद्याला नाडी दाखवल्याशिवाय त्याने औषध द्यावे अशी अपेक्षा आपण करीत नाही.

चौथी गोष्ट, आधी खाजगीत सांगावे. लहान कारखान्याची बाजारात पत नुकतीच बसत असते. त्यांना पत्र किंवा फोन न करता चारचौघांत डांगोरा पिटला, तर दोष सुधारत नाही आणि माणूस मात्र उठतो. अर्थात आरोग्याचा प्रश्न असेल, किंवा वारंवार सांगूनही कुणी दाद देत नसेल, तर गप्प बसण्याचे कारण नाही. २०१८ साली मद्यांसाठीही अन्नसुरक्षेचे नियम झालेले आहेत. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहेच.

त्या मुलीच्या सांगण्यावरून मी एक नमुन्याचे पत्र लिहून दिले. ते असे:

‘स. न. वि. वि. आपली गव्हाची बिअर आमच्या घरी आवडीने घेतली जाते. परवा आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक उघडली असता तिला दवाखान्यासारखा वास आला. केळ्याचा नेहमीचा वास जवळजवळ नव्हता. बॅच क्रमांक आणि तारीख खाली दिली आहे. बाटली दुकानातून थेट घरी आणून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसरी बाटली न उघडता ठेवली आहे, हवी असल्यास घेऊन जावी. पैसे परत मिळावेत असा आग्रह नाही. कारण कळले तर आनंद होईल. कळावे.’

असे पत्र वाचून कोणता कारागीर रागावेल? उलट अशा पत्राची चौकट करून तो भिंतीवर लावील.

ऐकणाऱ्याचाही धर्म आहे

कारखान्याच्या बाजूनेही चार पथ्ये आहेत. गिऱ्हाईक म्हणते ते चूक, असे गृहीत धरू नये. आधी आभार मानावेत, मग बाजूला ठेवलेली बाटली उघडून पाहावी, आणि काय निघाले ते उलट टपाली कळवावे. दोष नसेल तर तेही सौजन्याने सांगावे. चांगल्या कारखान्यांत चव पाहणारी मंडळी बसवतात आणि त्यांची परीक्षा घेतात. तीन पेले समोर ठेवायचे. दोन एकाच बिअरचे, तिसरा वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचे. पाटी लपवलेली असते, त्यामुळे मालकाच्या तोंडाकडे पाहून कुणाला ‘छान’ म्हणता येत नाही.

हा खेळ घरीही करून पाहण्यासारखा आहे, आणि त्याला बिअर मुळीच लागत नाही. आमच्या घरी सौभाग्यवतींनी तो ताकावर केला. दोन वाट्यांत सकाळचे ताक आणि तिसऱ्या वाटीत आदल्या दिवशीचे. मुलांनी डोळे मिटून चव घेतली, आणि मग ‘हे आंबूस आहे’, ‘याला फ्रिजचा वास आहे’, ‘हे पाणचट आहे’ असे एकेक शब्द बाहेर पडू लागले. महिनाभर शिकवूनही जे शब्द वर्गात येत नाहीत ते ताकाच्या वाटीने आले. चव सांगायची तर आधी लक्ष द्यावे लागते, आणि लक्ष दिले की शब्द आपोआप शोधला जातो.

मला वाटते, या साऱ्याचे सार एवढेच आहे. जो कारागीर मन लावून काम करतो त्याला आपल्या स्तुतीने दोन घटका बरे वाटते, पण नेमक्या तक्रारीने त्याचा पुढचा घाणा सुधारतो. बिअर करणाऱ्याला हे जितके लागू आहे तितकेच ते शिंपी, सुतार, शाळामास्तर आणि लेखक यांनाही लागू आहे. तेव्हा वाचकहो, हा लेख आवडला नाही तर ‘थर्ड क्लास’ एवढेच लिहून संपादकांकडे धाडू नका. कोणता परिच्छेद पाणचट झाला आणि कोणता खवट निघाला, ते पृष्ठ क्रमांकासह कळवावे.